धावा का आटतात?

नोव्हेंबर २००४ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना झाला. चार डावांतील धावसंख्या अशी होती : भारत १०४, ऑस्ट्रेलिया २०३, भारत २०५ आणि ऑस्ट्रेलिया ९३. शेवटच्या डावात ऑस्ट्रेलियाला विजयासाठी फक्त १०७ धावा हव्या होत्या. मालिका त्यांनी आधीच जिंकलेली होती आणि संघ त्या काळातला जगातला सर्वांत बलाढ्य संघ होता. तरीही हरभजन सिंगने २९ धावांत ५ आणि मुरली कार्तिकने ३२ धावांत ३ बळी घेतले व भारत १३ धावांनी जिंकला. पहिला दिवस पावसाने जवळजवळ वाया जाऊनही सामना तिसऱ्याच दिवशी संपला.

बेरीज करून पाहू. ४० बळी आणि ६०५ धावा, म्हणजे एका बळीमागे जेमतेम १५ धावा. कसोटी क्रिकेटमध्ये हा आकडा साधारणपणे तीसच्या आसपास असतो. त्याहून बोलकी गोष्ट भारताच्या दुसऱ्या डावातली. ऑस्ट्रेलियाचा मायकेल क्लार्क हा मुळात फलंदाज, अधूनमधून डाव्या हाताने संथ गोलंदाजी करणारा. त्याने ६.२ षटकांत ९ धावा देऊन ६ बळी घेतले.

असे काही घडले की मैदानावर, चहाच्या टपरीवर आणि शिक्षकांच्या खोलीतही एकच उत्तर ऐकू येते, "पिच खराब होतं." हे उत्तर चूक नाही, पण त्यातून काही कळतही नाही. खराब म्हणजे नेमके काय? मातीच्या एका पट्ट्याने असे काय केले, की जगातले उत्तम फलंदाज शंभरीच्या आत गारद झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शालेय भौतिकशास्त्र, थोडे त्रिकोणमितीचे गणित आणि मूठभर माती एवढे साहित्य पुरते. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे मांडत आहोत.

फलंदाजाकडे वेळ किती?

दोन्ही बाजूंच्या यष्टींमधले अंतर २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१ मीटर. गोलंदाजाच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंतचे अंतर १७.७ मीटर. फिरकी गोलंदाजाचा चेंडू ताशी ८५ किलोमीटर वेगाने येतो असे धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे २३.६ मीटर. चेंडूचा टप्पा फलंदाजाच्या ३ मीटर अलीकडे पडला, तर तिथवर १४.७ मीटर जायला त्याला ०.६२ सेकंद लागतात. टप्पा पडताना जमिनीच्या घर्षणामुळे वेग कमी होऊन सेकंदाला सुमारे १७ मीटर उरतो. उरलेले ३ मीटर तो ०.१८ सेकंदात कापतो.

एकूण वेळ झाला ०.८ सेकंद. हा काही फार कमी वेळ नाही. पण डोळ्याने काही पाहावे, मेंदूने त्याचा अर्थ लावावा आणि स्नायूंनी हालचाल सुरू करावी, याला माणसाला निदान ०.२ सेकंद लागतात. कितीही सराव केला तरी हा वेळ फारसा कमी होत नाही. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : टप्प्यानंतर उरलेला वेळ ०.१८ सेकंद आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ ०.२ सेकंद. याचा अर्थ असा, की टप्पा पडल्यावर चेंडूने जे काही केले ते फलंदाजाला दिसते, पण त्यावर त्याला काही करता येत नाही. बॅट कुठे आणायची हे त्याने आधीच ठरवलेले असते. टप्प्यानंतरचा खेळ त्याच्यासाठी निव्वळ अनुमानाचा असतो.

एका अंशाचा हिशेब

हे अनुमान किती अचूक असावे लागते? नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर असते. बॅटच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५.४ सेंटीमीटर. टप्पा ३ मीटर अलीकडे पडला आणि चेंडू अपेक्षेपेक्षा फक्त १ अंश जास्त वळला, तर बॅटपाशी पोचेपर्यंत तो किती सरकेल? १ अंशाच्या टॅन्जंटला ३ मीटरने गुणले की उत्तर येते सुमारे ५.२ सेंटीमीटर.

म्हणजे बॅटच्या मध्यावर बसणारा चेंडू एका अंशाच्या फरकाने बॅटच्या कडेवर येतो. कड लागलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या किंवा स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. दोन अंशांचा फरक पडला तर चेंडू बॅटला चुकवून जातो. कंपासपेटीतला कोनमापक काढून मुलांना एक अंश दाखवा. त्या बारीकशा फटीवर फलंदाजाचा डाव उभा असतो.

चेंडू वळतो कसा?

सायकल उलटी उभी करून मागचे चाक जोरात फिरवले आणि ते फिरत असतानाच सायकल सरळ करून जमिनीला टेकवली, तर ती एकदम पुढे झेपावते. फिरणाऱ्या चाकाचा कडेचा भाग जमिनीला मागे रेटतो आणि जमीन चाकाला पुढे रेटते. फिरकी चेंडूचे तसेच होते. तो फलंदाजाकडे जात असतानाच स्वतःभोवती आडवा फिरत असतो. जमिनीला टेकल्यावर काही सहस्रांश सेकंद त्याचा पृष्ठभाग मातीवर घासतो आणि घर्षणाचे बल त्याला बाजूला ढकलते.

हे बल किती वळण देऊ शकेल याची मर्यादा काढता येते. क्रिकेटच्या चेंडूचा परीघ सुमारे २२.५ सेंटीमीटर. तो सेकंदाला ३० फेरे घेत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ६.७५ मीटर होतो. चेंडूला भरीव गोल मानले आणि मातीने त्याला पूर्ण पकडले, म्हणजे घसरणे थांबून तो लोळू लागला, तर या वेगाचा २/७ भाग बाजूच्या वेगात बदलतो : सेकंदाला सुमारे १.९ मीटर. पुढे जाण्याचा वेगही त्याच कारणाने पहिल्याच्या ५/७ होतो, म्हणून तर तो २३.६ वरून १७ वर आला. १.९ ला १७ ने भागले, की वळणाचा कोन मिळतो सुमारे साडेसहा अंश. ३ मीटरवर हे वळण ३४ सेंटीमीटर भरते, म्हणजे बॅटच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त.

ही झाली मातीने पूर्ण पकड घेतल्यावरची गोष्ट. पट्टी गुळगुळीत आणि घट्ट असेल, तर चेंडू लोळू लागण्याआधीच उसळी घेऊन निघून जातो. घर्षण अपुरे पडते आणि वळण एखाद-दोन अंशांचेच राहते.

जाता जाता एका समजाविषयी. "टप्पा पडल्यावर चेंडूने वेग घेतला" असे समालोचक बरेचदा म्हणतात. वरच्या उदाहरणात हे शक्य नाही. घर्षणाने चेंडूला पुढे रेटायचे, तर त्याच्या पृष्ठभागाचा फिरण्याचा वेग त्याच्या पुढे जाण्याच्या वेगाहून जास्त हवा. इथे ६.७५ आणि २३.६ अशी गोष्ट आहे. चेंडूचा वेग प्रत्येक टप्प्याला कमीच होतो, कधी जास्त, कधी कमी. ज्याचा वेग अपेक्षेहून कमी घटतो तो चेंडू फलंदाजाला वेगवान भासतो.

वळणापेक्षा बेभरवसा वाईट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चेंडू साडेसहा अंश वळतो म्हणून फलंदाज बाद होतात का? समजा, प्रत्येक चेंडू नेमका सहा अंशच वळतो आहे. चांगला फलंदाज एक-दोन षटकांत ते ओळखेल आणि बॅट तेवढी बाजूला आणून खेळेल. वळण मोठे असले तरी ते ठरलेले असले, तर त्याची सवय होते.

अडचण होते ती एक चेंडू दोन अंश आणि पुढचा सहा अंश वळू लागला की. ३ मीटर अंतरावर दोन अंश म्हणजे १०.५ सेंटीमीटर आणि सहा अंश म्हणजे ३१.५ सेंटीमीटर. फरक २१ सेंटीमीटरचा, जवळजवळ दोन बॅटींच्या रुंदीइतका. गोलंदाजाचा हात तोच, फिरकी तीच, वेग तोच. फरक फक्त टप्प्याच्या जागी माती कशी होती आणि चेंडूची शिवण टेकली की गुळगुळीत चामडे टेकले, एवढाच. शिवण टेकली तर पकड मिळते, चामडे टेकले तर चेंडू घसरत सरळ जातो. यांपैकी काय होणार हे फलंदाजाला कळत नाही आणि खुद्द गोलंदाजालाही कळत नाही.

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर फलंदाजाला सरासरी मारत नाही, फैलाव मारतो. वळणाचा फैलाव एका अंशाच्या आत असेल तोवर धावा निघतात. तो दोन-चार अंशांवर गेला, की धावा आटू लागतात. मग अधूनमधून गोलंदाजी करणाऱ्या क्लार्कलाही ९ धावांत ६ बळी मिळू शकतात.

मातीचा स्वभाव

हा फैलाव येतो मातीतून. खेळपट्टी बनते ती चिकणमातीची. पाणी देऊन आणि रोलर फिरवून मातीचे कण एकमेकांना घट्ट बसवतात. पट्टी वाळत जाते तशी ती कडक होते आणि पुढे वरचा थर सुटू लागतो. बुटांच्या खिळ्यांनी खड्डे पडतात. कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत अशी पट्टी तयार होते. चेंडू कुठल्या जागी पडला यावर घर्षण ठरते.

माती कोणती यावरही बरेच अवलंबून असते. आम्ही माहूरला राहतो. रेणुकामातेच्या डोंगराकडे चढताना रस्त्याच्या कडेला कापलेला काळा बेसाल्ट दिसतो, उतारावर त्याचाच झिजलेला मुरूम दिसतो आणि खाली पैनगंगेच्या खोऱ्यात कापसाची काळी जमीन लागते. खडक एकच, पण झीज कमी-अधिक झाल्याने मातीचे स्वभाव निराळे झाले. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे बनलेले असतात आणि पाणी या पानांच्या मध्ये शिरते. त्यामुळे माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यांत मोकळ्या रानात काठी सहज आत जाईल अशा भेगा मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेल्या असतात.

लाल मातीत केओलिनाइट हे चिकणखनिज आणि लोहाची ऑक्साइडे जास्त असतात. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट बांधलेले असल्याने त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही. ही माती फारशी फुगत नाही की आकसत नाही, मात्र वाळल्यावर तिचा वरचा थर लवकर सुटतो. वानखेडेची खेळपट्टी परंपरेने लाल मातीची आहे. अशा पट्टीवर चेंडू चांगला उसळतो आणि थर सुटू लागला की हातभर वळतो. काळ्या मातीची पट्टी ओल धरून ठेवते. तिच्यावर चेंडू संथ येतो आणि खाली राहतो. भेगा रुंदावल्या, की भेगेच्या कडेवर पडलेला चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नाही.

पाय हलवा, म्हणजे काय?

त्या मुंबईच्या सामन्यात भारताच्या दुसऱ्या डावात लक्ष्मणने ६९ आणि तेंडुलकरने ५५ धावा केल्या. म्हणजे अशा पट्टीवरही खेळता येते. जुने प्रशिक्षक मुलांना सांगतात, "एक तर पूर्ण पुढे ये, नाही तर पूर्ण मागे जा, मध्ये लटकू नको." हा सल्ला आपल्या गणितात बसवून पाहू.

फलंदाज पुढे सरसावून टप्प्यापासून अर्ध्या मीटरवर चेंडू गाठतो असे समजा. तिथे सहा अंशांचे वळणही फक्त ५.३ सेंटीमीटर भरते. चेंडू बॅटच्या बाहेर जायला त्याला जागाच मिळत नाही. उलट, आखूड टप्प्याच्या चेंडूला फलंदाज मागे गेला आणि टप्प्यापासूनचे अंतर ५ मीटर झाले, तर त्याला ०.२९ सेकंद मिळतात. आता वळण पाहून बॅट हलवायला वेळ आहे. धोका मधल्या अंतरात आहे. तिथे चेंडूला वळायला पुरेशी जागा मिळते आणि फलंदाजाला पुरेसा वेळ मिळत नाही. चांगला फिरकी गोलंदाज चेंडूचा टप्पा नेमका याच पट्ट्यात टाकत राहतो.

या अचूकपणाचे विलक्षण उदाहरण नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णींचे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती, त्यातली २१ लागोपाठ. धावा दिल्या फक्त ५, बळी मात्र एकही मिळाला नाही. नाडकर्णींची डावखुरी फिरकी फार वळणारी नव्हती. पण टप्प्याचा फैलाव त्यांनी इतका कमी केला होता, की फलंदाजाला पुढे जाऊन मारण्याजोगा किंवा मागे जाऊन मारण्याजोगा चेंडूच मिळेना. चेंडू ओळखता येत होता म्हणून बळी गेले नाहीत आणि मारता येत नव्हता म्हणून धावाही निघाल्या नाहीत. धावा दोन तऱ्हांनी आटतात : पट्टीचा फैलाव वाढला की, आणि गोलंदाजाचा फैलाव घटला की. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वानखेडेसारखा सामना होतो.

जमीन नसली तर?

चेंडूने जमिनीला स्पर्शच केला नाही तर काय होईल? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तसेच असते. पिचर चेंडू थेट फेकतो, टप्पा पडत नाही. तरीही तिथे असे सामने होतात. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी, अमेरिकेतल्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, न्यू यॉर्क यँकीज संघाच्या डॉन लार्सनने ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या २७ फलंदाजांना ९७ चेंडूंत लागोपाठ बाद केले. एकालाही त्याने पहिल्या तळापर्यंत पोचू दिले नाही. सामना २-० असा संपला.

तिथे मातीचे काम हवा करते. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा त्याला विरुद्ध बाजूला ढकलते. जर्मन शास्त्रज्ञ माग्नस यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून याला माग्नस परिणाम म्हणतात. हे बल चेंडूच्या सगळ्या प्रवासात जवळजवळ सारखेच असते. बल सारखे म्हणजे त्वरण सारखे, आणि स्थिर त्वरण असले की विस्थापन वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे नववीच्या मुलांना माहीत असते.

ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापाशी सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. समजा, तो एकूण ४० सेंटीमीटर वळला. पहिल्या ०.२ सेकंदांत, म्हणजे अर्ध्या वेळात, वळण होते चौथा हिस्सा, १० सेंटीमीटर. उरलेले ३० सेंटीमीटर दुसऱ्या अर्ध्यात होते. फलंदाजाला बॅट फिरवायचा निर्णय पहिल्या अर्ध्यातच घ्यावा लागतो. त्यामुळे "चेंडू अगदी शेवटी वळला" असे त्याला वाटते. वळण पहिल्यापासून चालू होते, वेळेच्या वर्गाने ते शेवटी मोठे झाले. क्रिकेट असो की बेसबॉल, निर्णयाची वेळ टळल्यावर चेंडूने दिशा बदलली की धावा आटतात.

वर्गात करून पाहा

१. प्रतिक्रियेचा वेळ : एका मुलाने ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लावता, अंगठा आणि बोट ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी. ती १५ सेंटीमीटरवर पकडली तर वेळ ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३ आणि ३० वर ०.२५ सेकंद. प्रत्येकाने दहा वेळा करावे.

२. उसळीचा फैलाव : टेनिसचा चेंडू १ मीटर उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर दहा वेळा सोडा आणि उसळीची उंची मोजा. ती ५५ सेंटीमीटरच्या आसपास येईल. मग तोच चेंडू भेगाळलेल्या रानात दहा निरनिराळ्या जागी सोडा. दोन्हींची सरासरी काढा, आणि प्रत्येकातले सर्वांत मोठे व सर्वांत लहान माप यांतला फरकही काढा. आपल्या शाळांत सरासरी शिकवली जाते आणि फैलाव राहून जातो. इथे तो मुलांच्या हाती लागतो.

३. मातीच्या वड्या : डब्याची सारखी दोन झाकणे घ्या. एकात काळ्या मातीचा आणि दुसऱ्यात चाळलेल्या मुरमाचा चिखल काठोकाठ भरा. आठवडाभर सावलीत वाळू द्या. कडेला पडलेली फट आणि वरच्या भेगा मोजा. मग दोन्ही वड्यांवर नखाने ओरखडा काढून कुठला थर लवकर सुटतो ते पाहा.

आकड्याशेजारी काय लिहायचे?

हे सारे खेळाच्या गमतीपुरतेच नाही. सुगी उरकल्यावर आमच्याकडची मुले भेगाळलेल्या रानात खेळतात. शहरातली मुले सिमेंटच्या किंवा चटईच्या पट्टीवर खेळतात. शाळेचा किंवा तालुक्याचा संघ निवडताना मात्र दोघांच्या धावा एकाच कागदावर, एकाच रकान्यात लिहिल्या जातात. पन्नास धावांचा मुलगा निवडला जातो आणि बारा धावांचा घरी जातो. ज्या रानात चेंडू कधी घोट्याला लागतो तर कधी हनुवटीला, तिथल्या बारा धावांमागे किती नजर आणि किती पाय लागले असतील, ते त्या रकान्यात दिसत नाही. तिथे सहज पाच बळी घेणाऱ्या मुलालाही चांगल्या पट्टीवर नेऊन पाहावे लागते.

प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो, की उकळबिंदू लिहिताना दाब लिहा, लंबकाचा आवर्तकाल लिहिताना लांबी लिहा. परिस्थिती लिहिली नाही तर आकड्याला अर्थ नसतो. शाळेच्या क्रीडावहीत धावांच्या शेजारी आणखी एक रकाना आखायला फार खर्च येत नाही. पट्टी कोणती होती, माती काळी की मुरमाड, ओली की भेगाळलेली, आणि दहा वेळा टाकलेला चेंडू किती ते किती सेंटीमीटर उसळला, एवढे त्यात लिहायचे. मोजण्याचे काम वर्गातली मुले आनंदाने करतील.